मेव्हण्याचं स्पॅनिश

सासुरवाडी घरापासून किती लांब असावी याबद्दल शास्त्रात काही लिहिलं असलं तर ते माझ्या वाचनात नाही. पण ती अर्ध्या कोसावर असू नये, एवढं मी अनुभवाने सांगतो. मी शहाद्याच्या मामलेदार कचेरीत नकलनवीस आणि माझी सासुरवाडी लोणखेड्याची. आमच्या ओट्यावर मी सकाळी शिंकलो तर दुपारी सासूबाई काढा घेऊन हजर. सासरे दोधू पाटील आठवड्यातून एकदा येत, आणि मेव्हणा भाईदास दिवसातून तीनदा.

हा भाईदास चोवीस वर्षांचा, उंचापुरा, घरी चार बैलजोड्या. एवढ्या भांडवलावर त्याचं कधीच लग्न व्हायला हवं होतं. पण त्याला क्लॅरिनेट वाजवायचा नाद होता आणि लग्नसराईत तो बँडबरोबर गावोगाव वाजवत हिंडे. पाटलाच्या पोराने वरातीत घोड्यावर बसायचं सोडून घोड्यापुढे चालावं, हे दोधू पाटलांना सहन होत नव्हतं. शेवटी त्या माघात त्यांनी निकाल दिला.

"आखाजीले सालदार ठरतस," ते म्हणाले. "तवलोंग तुले पगारनी नोकरी भेटनी तं भेटनी. नई तं यंदा मी सालदारच ठेवाऊ नई. नांगर तू धरशी, आनि ती पिपानी जाई हेरमा."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी आणि हेर म्हणजे विहीर. आमच्या सासऱ्यांची विहीर साठ हात खोल आहे आणि ते बोलले की करतात, हे दोन्ही भाईदासला माहीत होतं.

अशात नंदुरबारच्या एका मारवाडी शेठकडे लग्न निघालं आणि शेठने वरातीसाठी थेट मुंबईचा बँड मागवला. त्या बँडचा क्लॅरिनेटवाला वाटेत नवापूरला उतरून भजी खाऊन आला आणि नंदुरबारला पोचेपर्यंत आडवा झाला. त्याच्या जागी भाईदासला उभं केलं. बँडमास्तर गोव्याचे होते. त्यांनी दोन दिवस भाईदासला ऐकलं आणि तिसऱ्या दिवशी बाजूला घेतलं. मुंबईत रात्रीचा नाचाचा एक क्लब होता, तिथे ते कायमचे वाजवत. सध्या तिकडे स्पॅनिश चालींची फार चलती, म्हणून मॅनेजरने वादक खास स्पेनहून आणले आहेत अशी जाहिरात लावून टाकली होती. वादकांपैकी तिघे गोव्याचे, एक पुण्याच्या छावणीतला आणि एक जालन्याचा. स्पेन कोणत्या दिशेला आहे यावर त्यांच्यात अजून एकमत झालेलं नव्हतं.

"वाजवतोस चांगलं," मास्तर म्हणाले. "उंची आहे, मिशी आहे. पण गिऱ्हाइकं टेबलाशी बोलावतात आणि चार शब्द बोलतात. तुला स्पॅनिशमध्ये पाच-सहा वाक्यं यायला हवीत. चैत्र संपायच्या आत ये. मॅनेजरसमोर बोललास तर नोकरी तुझी."

भाईदास तसाच धावत आमच्या घरी आला. मी जेवत होतो आणि पत्नी छबूबाई वाढत होती. माणसाने जेवताना बोलू नये असं म्हणतात ते उगीच नाही. मी म्हणालो, "स्पॅनिश ना? त्यात काय! मी शिकवतो."

वास्तविक मला स्पॅनिशचा गंधही नव्हता. पण मी दुसऱ्या खेपेला का होईना मॅट्रिक झालो होतो आणि कचेरीतले इंग्रजी हुकूम वाचून मराठीत सांगत होतो. बायकोच्या माहेरच्या माणसांसमोर तेवढ्या पुण्याईवर स्पॅनिश सहज खपून जाईल असं मला वाटलं. छबूबाईने माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली आणि भावाला म्हणाली, "दाजीनी सांगं ना? मंग व्हई गयं समज." एवढा विश्वास तिने लग्नानंतर पहिल्यांदाच दाखवला होता, त्यामुळे मला माघार घेता येईना.

मी मुंबईच्या एका पुस्तकवाल्याकडून व्ही.पी.ने स्पॅनिश शिक्षकाचं पुस्तक मागवलं. साल अडतीस होतं. स्पेनमध्ये तेव्हा आपसातली मोठी लढाई जुंपलेली होती आणि सरकारला सगळीकडे बोल्शेविक दिसत होते. पुस्तक आलं, पण ते माझ्या हाती न येता पोस्टातून फौजदाराच्या टेबलावर गेलं. फौजदाराने ते उलटसुलट करून पाहिलं. त्यात काय लिहिलं आहे हे समजत नसल्यामुळे ते अत्यंत धोकादायक आहे, असा शेरा मारून त्याने ते धुळ्याला पाठवलं. धुळ्याला तरी कुणाला समजणार? तिथून ते पुण्याला गेलं. माझ्याच कचेरीतून माझ्याच नावे खुलासा मागवणारा कागद निघाला आणि नकलनवीस मीच असल्यामुळे त्याच्या तीन नकला मलाच कराव्या लागल्या. 'सदर भाषा शिकण्याचे प्रयोजन काय?' या प्रश्नापुढे मी लिहिलं, 'मेव्हण्यासाठी.' मामलेदारसाहेबांना स्वतःला चार मेव्हणे होते. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि 'खुलासा समाधानकारक' असं लिहून सही केली. पुस्तक मात्र परत आलं नाही.

तोवर गावभर झालं होतं की आपला नकलनवीस स्पॅनिश शिकवतो. पोस्टमास्तर म्हणाले, लॅटिन केलंत तर स्पॅनिश आपोआप येतं. नवल वकील म्हणाले, स्पॅनिशमध्ये बोलण्यापेक्षा गप्प राहून मान हलवावी, कायद्याने मौनालाही अर्थ असतो. कचेरीचा शिपाई धुडकू पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन आलेला. त्याचं मत सगळ्यांत ठाम होतं. "परदेशी मानूससंगे बोलानं तं काही शिकानं लागत नई, रावसाहेब. आपलीच बोली, फक्त जोरबन बोलानी. त्याले समजस." भाईदासने हा प्रयोग आमच्या ओट्यावर करून पाहिला, तेव्हा समोरच्या घरातलं पोर दचकून उठलं आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत झोपलं नाही.

शेवटी मार्ग सुचवला तोही धुडकूनेच. समन्स बजावायला तो अक्कलकुव्यापुढच्या खापर गावी गेला होता. "तठे सुगनचंद शेठ शे, कापडवाला. तो रागे भरना का एक बोली बोलस. मारवाडी नई, गुजराती नई. मी बसरालोंग जाई उनू, पन तशी बोली ऐकी नई."

आम्ही सर्व्हिस मोटारीने तळोदा, अक्कलकुवा करत खापरला पोचलो. सुगनचंद शेठ साठीचे, अंगाने बारीक, गादीवर मांडी घालून बसलेले. चौकशीअंती कळलं ते खरोखर अजब होतं. वयाच्या सतराव्या वर्षी हे गृहस्थ बापाशी भांडून पळाले, ते कराचीत एका सिंधी व्यापाऱ्याच्या हाताखाली लागले. त्या व्यापाऱ्याची रेशमी कापडाची दुकानं साता समुद्रांपलीकडे. त्याने सुगनचंदांना टेनेरिफ नावाच्या एका स्पॅनिश बेटावरच्या दुकानात बसवलं. तिथे त्यांनी नऊ वर्षं बायकांना रेशीम विकलं. परत आल्यावर समुद्र ओलांडल्याबद्दल समाजाने दंड केला, तो भरून ते खापरला बसले आणि ते बेट कुणाला खरं वाटेना म्हणून त्यांनी सांगायचंच सोडलं.

मला आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं. मी खिशातून माझी वाक्यांची यादी काढली. ती शेठनी हातातही घेतली नाही.

"बोली काय कागदवर ऱ्हास?" ते म्हणाले. "बोली गिऱ्हाइकना तोंडमा ऱ्हास. पोऱ्याले आठे दुकानमा बसाड. पंधरा दिन."

शिकवण्याचा मोबदला म्हणून भाईदासने महावीर जयंतीच्या मिरवणुकीत वाजवायचं ठरलं. मी दर रविवारी जाऊन प्रगती पाहायचो आणि दर रविवारी माझा धीर खचायचा. कारण शेठना येत होतं ते स्पॅनिश सगळंच्या सगळं दुकानातलं होतं. 'सिएन्तेसे, सेन्योरा', म्हणजे बसा बाई. 'तोके, तोके', म्हणजे हात लावून बघा. 'नो देस्तिन्ये', म्हणजे रंग जाणार नाही. आणि 'एस्ता एन सू कासा', म्हणजे घर तुमचंच आहे. नऊ वर्षांत त्यांनी याखेरीज फारसं काही बोलायची गरज पडू दिली नव्हती.

मी म्हटलं, "शेठजी, 'कोणती धून वाजवू' हे स्पॅनिशमध्ये कसं म्हणतात?"

शेठनी विचार केला. "ते नई येत. 'कोनता रंग दाखाडू' ते येस. चालस. धूनले बी रंग ऱ्हास."

"पण तो क्लब आहे. तिथे कापड नाही."

"गिऱ्हाईक तं शे ना?" शेठ म्हणाले. "मंग दुकानच शे."

शिवाय त्यांची शिकवण्याची रीत अशी की वाक्याबरोबर हातही शिकवायचा. 'बसा बाई' म्हणताना कमरेत वाकायचं. 'रंग जाणार नाही' म्हणताना कापडाच्या ठाणाचं टोक मनगटाच्या एका झटक्याने गिऱ्हाइकापुढे उलगडायचं आणि ते पाण्याच्या पेल्यात बुडवून दाखवायचं. भाईदास हुशार, आठवड्यात सगळं उचललं. पण मग त्याची वाक्यं आणि हात वेगळे होईनात. हात धरून ठेवला तर वाक्य अडायचं. आणि वर शेठचा पक्का नियम, की दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे लक्ष्मी, ती घेवो न घेवो, तिला रिकाम्या हाती पाठवायचं नाही. चिंधी द्या, सुपारी द्या, पण काहीतरी द्या.

शेठच्या पत्नी पानीबाई माजघरातून हे सगळं ऐकत. एकदा चहा देताना मला म्हणाल्या, "तीस वरीस व्हई गयात, रावसाहेब. अजून झोपमा त्या बायासले रेशीम दाखाडतस. त्या कोन व्हत्यात, मी कधी इचारं नई." शेठ घाईघाईने मापाची पट्टी शोधायला लागले.

महावीर जयंती झाली आणि मी चार दिवसांची रजा काढून भाईदासला घेऊन मुंबईला निघालो. सासूबाई गजराबाईंनी प्रवासाला म्हणून पायलीभर भाजलेल्या शेंगा दिल्या. आम्ही सुरतेपर्यंत खाऊनही त्या संपल्या नाहीत, तेव्हा उरलेल्या भाईदासने खिशांत कोंबल्या. माझं कुणी ऐकत नव्हतंच.

क्लब समुद्राजवळ होता. आम्ही संध्याकाळी सहाला पोचलो. भाईदासला आत नेऊन काळं जाकीट, पांढरा शर्ट आणि कमरेला हातभर रुंद लाल पट्टा असा पोशाख चढवला. लोणखेड्याच्या पोराला तो अगदी शोभून दिसला. हा जर नांगराला जुंपला गेला तर त्यात माझाही हात असेल असं वाटायला लागलं. मी मात्र माझ्या कचेरीच्या काळ्या कोटात आणि पगडीत दाराशी उभा राहिलो. मॅनेजर लगबगीने आला. मी नमस्कारासाठी हात पुढे केले, त्याने त्यात आपली टोपी आणि छत्री ठेवली आणि पुढे गेला. त्याच्या मागून एक साहेब आला, त्यानेही टोपी ठेवली. आपण कोण आहोत हे मी सांगणार तेवढ्यात तिसरी टोपी आली. दहा मिनिटांत माझ्याकडे सात टोप्या, दोन छत्र्या आणि एक मफलर जमा झाला. एकाने वर चवली ठेवली. ती मी नाकारली नाही, कारण नाकारायला हात मोकळा नव्हता.

टोपीवाली मंडळी सगळी आतल्या दारूच्या खोलीत गेली. नाचाचा दिवाणखाना अजून रिकामाच होता. वादक वाद्यं लावत होते. इतक्यात काळ्या झग्यातल्या पंचेचाळिशीच्या एक बाई एकट्याच आल्या आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या. मॅनेजरचा चेहरा पांढरा पडला. तो बँडमास्तरांच्या कानाशी लागला. मास्तर माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "मेलो! बोटीच्या इंजिनियरची बायको आहे. नाव रेमेडियोस. खरीखुरी स्पॅनिश! मॅनेजर म्हणतो, कुणी तोंड उघडू नका."

हे भाईदासला सांगायला मास्तर वळले, पण भाईदास जागेवर नव्हता. त्याने दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक पाहिलं होतं.

"सिएन्तेसे, सेन्योरा," तो कमरेत वाकून म्हणाला. बाई बसलेल्याच होत्या. त्या गोंधळून अर्धवट उठल्या आणि पुन्हा बसल्या. भाईदासने पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला आणि कोणता रंग दाखवू, असं विचारलं. बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग सावकाश एक शब्द बोलल्या. मास्तर माझ्या कानात म्हणाले, "लाल म्हणते."

झालं. आता देवही त्याला थांबवू शकत नव्हता. भाईदासने कमरेच्या पट्ट्याची गाठ सोडली, मनगटाच्या एका झटक्याने दीड वार लाल कापड टेबलावर उलगडलं, "तोके, तोके" म्हणाला, आणि "नो देस्तिन्ये" म्हणत त्याचं टोक पेल्यात बुडवलं.

तो पट्टा क्लबचा होता, सुगनचंद शेठचा नव्हता. पेल्यातलं पाणी बघता बघता लाल झालं. मग टेबलावरच्या पांढऱ्या चादरीवर लाल ओघळ आले. भाईदासच्या कानांच्या पाळ्याही तशाच झाल्या. रंग गेला तर काय म्हणावं, हे शेठनी शिकवलं नव्हतं. आपल्या मालाचा रंग कधी गेलाच नाही असं त्यांचं म्हणणं. मी डोळे मिटले. आखाजीला पंधरा दिवस उरले होते आणि मला ती साठ हात खोल विहीर दिसायला लागली.

डोळे उघडले तेव्हा भाईदासने खिशात हात घातला होता. त्याने ओंजळभर शेंगा काढून बाईंच्या पुढ्यात ठेवल्या, हात जोडले आणि म्हणाला, "एस्ता एन सू कासा."

बाईंनी तोंडावर हात दाबला. त्यांचे खांदे हलायला लागले. हसतात असं मला आधी वाटलं. मग लक्षात आलं की हसणं आणि रडणं दोन्ही चाललं होतं. त्यांनी भराभर काहीतरी विचारलं. भाईदास प्रत्येक प्रश्नाला "सी, सेन्योरा" म्हणत होता. मास्तरांना पोर्तुगीजमुळे त्यातलं बरंचसं कळत होतं. ते म्हणाले, "हिच्या माहेरच्या गल्लीत एका हिंदी माणसाचं रेशमाचं दुकान होतं म्हणते. लहानपणी आईबरोबर जायची. तो अगदी असाच बोलायचा आणि अशीच घडी उलगडायचा. तुला कुणी शिकवलं, असं विचारते." ते दुकान कोणतं, गल्ली कोणती, हे त्या क्षणी काय, नंतरही विचारायचं मला सुचलं नाही. पुढे सुगनचंद शेठनी त्यापायी माझ्याशी दोन महिने अबोला धरला.

एवढ्यात मॅनेजर धावत आला. लाल चादर, भाईदासचा सुटलेला कमरपट्टा आणि आता जमिनीवर पडायला लागलेली शेंगांची टरफलं पाहून तो थबकला. तो इंग्रजीत म्हणाला, "माफ करा बाई, हा आपल्याला त्रास देतो आहे का? याला अजून इथल्या रीतीभाती माहीत नाहीत, हा नुकताच आपल्याच—" आणि आपण कुणासमोर काय थाप मारतो आहोत हे ध्यानात येऊन मध्येच थांबला.

बाईंनी आणखी एक शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले. आणि मॅनेजरच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाल्या, "मला माहीत आहे. हा माझ्या गावचा आहे."

माझ्या हातातल्या सातही टोप्या खाली पडल्या.

नोकरी जागच्या जागी ठरली. मास्तरांनी मला निघताना सांगितलं की त्या बाईंना दोन वर्षांत माहेरी जाता आलं नाही. लढाईमुळे बोटी बंद, आईची पत्रं चार-चार महिन्यांनी येतात, तीही कुणीतरी फोडलेली. मी भाईदासला तिथेच ठेवून एकटा परत आलो आणि प्रकाशाला तापी उतरून घरीसुद्धा न जाता थेट लोणखेडं गाठलं.

सासरे ओट्यावर बसले होते. मी सगळं सांगितलं. टोप्यांचा भाग तेवढा गाळला. त्यांनी पगार विचारला नाही, क्लब विचारला नाही.

"ती बाई," ते म्हणाले, "आपला पोऱ्याकरता खोटं बोलनी?"

"हो."

"वळख ना पाळख?"

"नाही."

ते तंबाखू मळायला लागले. "मन्हा सख्खा भाऊ बांधना खटलामा मन्हाकरता खोटं बोलना नई, जवाईबापू. कोर्टमा खरं बोलीसन मोकया व्हई गया." मग त्यांनी घरात हाक मारली. "अवं, ऐकं का? मुंबईले आपला गावनी एक पोर शे. तिले आखाजीले लेवाले कोन जाई?"

मी म्हटलं, "मामा, ती स्पेनची आहे."

"पोऱ्या तिना गावना शे ना? ती सांगस ना तसं? मंग ती बी आपला गावनी व्हयनी." खानदेशात आखाजीला प्रत्येक लेक माहेरी येते आणि तिला आणायला माहेरचा माणूस मुराळी होऊन जातो, हे काही त्यांनी मला समजावून सांगायची गरज नव्हती. "माय तठे, लढाई तठे. पोरनी आखाजी काय मुंबईमा एकलीनी करानी? भाईदासले रजा आते मांगता येवाव नई. तुम्ही जा."

सासूबाई तोवर टोपलीत सांजोऱ्या भरायला लागल्या होत्या.

मी पुन्हा रजेचा अर्ज केला. कारण काय लिहावं? खोटं लिहिलं असतं तर रजा सहज मिळाली असती, पण मेव्हण्याच्या पायी मी एकदा फौजदाराच्या वहीत चढलो होतो. मी लिहिलं, 'बहिणीस आखाजीसाठी माहेरी आणणे.' मामलेदारांनी विचारलं, "बहीण कुठे दिली आहे?" मी म्हटलं, "स्पेनला." त्यांनी पुन्हा चष्मा काढला. पण सही केली.

बाईंच्या घराच्या दारात टोपली घेऊन उभा होतो तेव्हा मी मनातल्या मनात देवाला सांगत होतो की हिने नाही म्हणावं. बरोबर दुभाषे म्हणून बँडमास्तर होते. त्यांनी निरोप सांगितला. तो पोर्तुगीजमध्ये किती राहिला आणि स्पॅनिशमध्ये किती पोचला देव जाणे. बाई ऐकत होत्या. मग एवढंच विचारलं, "तिथे आई आहे?"

मी म्हटलं, "आहे. त्यांनीच पाठवलंय हे."

बाई आत गेल्या आणि बॅग भरायला लागल्या. त्यांचे यजमान जगातल्या कुठल्याही नवऱ्याप्रमाणे दारात आले आणि किती दिवस, एवढंच विचारते झाले. अशा मानाच्या गिऱ्हाइकाला एकटं कसं पाठवायचं म्हणून मॅनेजरने भाईदासलाही चार दिवस सोडलं.

आखाजीला लोणखेड्यात जे झालं ते शहाद्यात अजून सांगतात, प्रत्येक जण वेगळं. खरं ते असं, की बाई नंदुरबारपासून बैलांच्या धमणीतून आल्या, वेशीवर सासूबाईंनी त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि अर्ध्या तासात गावच्या सगळ्या माहेरवाशिणींनी त्यांना वेढलं. रेमेडियोस हे नाव दुपारपर्यंत रेमीबाई झालं. मुलं किती, सासू कशी, दागिने कुठे, सगळी चौकशी बोटांवर झाली. पुरणपोळी आणि आमरस खाऊन त्यांची कंबर वाकेना, तरी सासूबाई वाढतच होत्या. उन्हं कलल्यावर निंबाच्या झोक्यावर त्यांना बसवलं. इकडच्या बायकांनी आखाजीची गाणी म्हटली. मग छबूबाईने खुणेने सांगितलं, आता तुझं.

बाईंनी झोका थांबवला आणि एक गाणं सुरू केलं. हळू होतं, अंगाईसारखं. दोन कडवी झाली आणि तिसऱ्याला त्यांचा आवाज अडला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा अडला. सासूबाई उठून त्यांच्या पाठीवर हात फिरवायला लागल्या. तेव्हा गोठ्याच्या भिंतीशी बसलेल्या भाईदासने क्लॅरिनेट ओठाला लावलं आणि दोन कडव्यांत उचललेल्या चालीवर गाणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे नेलं.

त्या घराच्या आवारात ते वाद्य आजवर कधी वाजलं नव्हतं. सगळ्यांनी ओट्याकडे पाहिलं. दोधू पाटील तिथे वीरसिंग नावाच्या गड्याशी सालदारकीचं बोलत बसले होते. झोक्याकडे त्यांची पाठ होती. बोलता बोलता ते थांबले. धून संपेपर्यंत वळले नाहीत. संपल्यावर वीरसिंगला म्हणाले, "सकाय येजो. ठरी गयं." मी त्यांच्या शेजारीच होतो, म्हणून मला दिसलं, ते उपरण्याने डोळे पुसत होते. मी दुसरीकडे पाहिलं.

"जवाईबापू," थोड्या वेळाने ते खाकरून म्हणाले. "त्याले सांगा, गानं अर्धामाईन वाजाडं. मी आर्धंच ऐकं. पयलेपाईन वाजाड म्हना."

भाईदास दहा पावलांवर बसला होता. त्याने प्रत्येक शब्द ऐकला होता आणि मान खाली घातली होती. तरी मी उठलो, त्याच्यापर्यंत चालत गेलो आणि वडिलांचा निरोप जसाच्या तसा सांगितला. मग त्याने पहिल्यापासून वाजवलं.